जामीन मंजूर झाल्यावर पुढे काय होतं, तिथून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "आशियातल्या देशांत कायदा-सुधारणा आणि न्याय कार्यक्रमांवर काम करणारी माणसं दिवसभर नेमकं काय करतात? मी पुण्यात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, घरचे म्हणतात सरळ प्रॅक्टिस सुरू कर. बाहेरचं एलएलएम केल्याशिवाय या क्षेत्रात शिरता येतं का?"

मी आठ वर्षं शिवाजीनगर कोर्टात फौजदारी वकिली केली. त्यातला बराच काळ गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर होते. नंतर तीन वर्षं नेपाळमध्ये, तिथल्या स्थानिक न्यायिक समित्यांबरोबर काम करणाऱ्या एका प्रकल्पात होते. आता परत पुण्यात आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडं सांगू शकते.

दिवसभर काय करतो, याचं माझं उत्तर एका ओळीचं आहे. कागद कुठे अडलाय ते शोधतो आणि तो पुढे सरकेल अशी व्यवस्था लावायचा प्रयत्न करतो. परिषदा, अहवाल, मंत्रालयातल्या बैठका हे सगळं असतं. पण कागद कुठे अडतो हे ज्याला माहीत नाही, त्याच्या अहवालाचा कुणाला उपयोग होत नाही, हे मी दोन्ही देशांत पाहिलं.

मला हे कळलं ते एका मुलामुळे. २०१६ची गोष्ट. पॅनेलच्या कामासाठी आम्ही एका तुरुंगात न्यायाधीन बंद्यांना, म्हणजे खटला अजून सुरू असलेल्या कच्च्या कैद्यांना, भेटायला जात होतो. सेंटरिंगचं काम करणारा, मराठवाड्यातून आलेला, जेमतेम वीस वर्षांचा मुलगा समोर बसला. बांधकामावरच्या लोखंडाच्या चोरीचा आरोप. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "जामिनाचा अर्ज केलाय का?" तो म्हणाला, "ताई, जामीन झालाय की." कधी? चार महिन्यांपूर्वी. पंधरा हजारांचा जामीन आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, असा आदेश होता. पुण्यात त्याच्या ओळखीचं म्हणाल तर मुकादम, आणि मुकादमाने फोन उचलणं बंद केलेलं.

त्याचा चुलता गावाहून येऊन गेला होता. पिशवीत सातबारा, रेशनकार्ड, आधार, सगळं घेऊन. पण सातबारा चार भावांच्या नावे सामाईक, त्यावर नाव ज्ञानोबा आणि आधारवर ज्ञानेश्वर. दोन्ही माणसं एकच, असं प्रतिज्ञापत्र करून आणा, तहसीलदाराचा ऐपत दाखला आणा, असं सांगितल्यावर तो माणूस दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचं भाडं घालवून परत गेला तो पुन्हा आला नाही. त्याला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. आम्ही रक्कम कमी करून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडावं असा अर्ज दिला. सुनावणीला दहा मिनिटंही लागली नाहीत. चार महिने आणि दहा मिनिटं, हा हिशेब तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. संध्याकाळी तो बाहेर आला तेव्हा हातात एक कॅरीबॅग, त्यात बंद पडलेला मोबाईल. पहिला प्रश्न विचारला, "ताई, इथं चार्जिंग कुठं मिळंल?"

आता यात कायदा कुठे कमी पडला? कुठेच नाही. १९७८ साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे एका गवंड्याचं असंच प्रकरण आलं होतं. दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भावाची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याचा जामीन नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हाच गरिबाकडून असला जामीन मागणं कसं चूक आहे ते लिहून ठेवलं. निकाल होता, कलम होतं, वकील होता, जामीनही मंजूर होता. नव्हती ती एवढीच सोय, की 'मंजूर झाला पण सुटला नाही' ही गोष्ट कुणाच्या तरी टेबलावर आपोआप जाऊन पडेल.

ती सोय पुढे झाली. ३१ जानेवारी २०२३च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामिनाची तारीख तुरुंगाच्या ई-प्रिझन्स प्रणालीत नोंदवायची. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करायचा. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली, तीत तेव्हा जामिनाच्या रकमेसाठी कच्च्या कैद्याला ४० हजारांपर्यंत मदत मिळू शकत होती. यातलं सगळ्यात मोठं काम कोणतं म्हणाल तर माझ्या मते ते सात दिवसांचं. नोंदीत एक रकाना वाढला. त्या मुलाच्या वेळी तो रकाना असता तर तो चार महिने आधी घरी गेला असता.

न्यायसुधारणेत काम करणारी माणसं अशा रकान्यांमागे वर्षानुवर्षं लागलेली असतात. कुणी तुरुंगात जाऊन याद्या करतं, कुणी त्या याद्यांवरून याचिका लिहितं, कुणी प्रणाली बनवणाऱ्यांबरोबर बसून 'ही तारीख अनिवार्य करा' म्हणून भांडतं. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत १६.३.२ नावाचा एक निर्देशांक आहे: एकूण कैद्यांमध्ये शिक्षा न झालेले किती. २०२२च्या अखेरीस भारतात ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. परदेशी सादरीकरणात हा आकडा पडद्यावर येतो तेव्हा मला त्यात ती कॅरीबॅग दिसते. तुम्हालाही तसं एखादं माणूस दिसायला हवं, म्हणून आधी इथे काम करा असं मी म्हणते.

नेपाळचं सांगते, कारण आशियाबद्दल विचारलंत आणि मला तेच जवळून माहीत आहे. २०१५च्या नेपाळी संविधानाच्या कलम २१७ने प्रत्येक स्थानिक पालिकेत तीन सदस्यांची न्यायिक समिती आणली. गावपालिकेत उपाध्यक्ष आणि नगरपालिकेत उपप्रमुख तिचे संयोजक. अशा ७५३ पालिका. २०१७च्या निवडणुकीत या उपपदांवर बहुतेक ठिकाणी स्त्रिया निवडून आल्या. म्हणजे कालपर्यंत ज्यांना गावच्या पंचांसमोर बसायची मुभा नव्हती, त्यांच्यापुढे एका रात्रीत बांधाचे, पाण्याचे, मजुरीचे, म्हाताऱ्या आईबापांना न सांभाळणाऱ्या मुलांचे तंटे येऊ लागले. कायद्याने १३ प्रकारचे तंटे त्यांना निकालासाठी दिले आणि ११ प्रकार फक्त मेलमिलापासाठी.

मेलमिलाप. किती चांगला शब्द आहे बघा, आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. नेपाळी देवनागरीत असल्याने मराठी माणसाला लवकर वाचता येते, पण फसगतही होते. तिथे 'मुद्दा' म्हणजे खटला. पहिल्या आठवड्यात "मुद्दा काय आहे?" असं मी विचारत होते आणि समोरच्या बाई घाबरून "मुद्दा नाही, नुसतं निवेदन आहे" म्हणत होत्या. त्यांना वाटलं मी त्यांच्यावर केस घालतेय. त्यांच्या कायद्याच्या यादीत सुरुवातीलाच बांध, पैनी, कुलो असे शब्द आहेत, म्हणजे आपले बांध, पाट, चारी. शिरूरला माझं माहेर. पाण्याच्या पाळीवरून भावकीत बोलणं बंद झालेलं मी लहानपणापासून पाहिलंय. त्या यादीशी माझी ओळख करून द्यायला तज्ज्ञ लागला नाही.

एका डोंगराळ पालिकेतल्या उपाध्यक्ष बाई माझ्या अजून डोळ्यांसमोर आहेत. नवरा आखातात कामाला असलेल्या एका बाईचा कुलो दिराने वळवला होता. दीर समितीपुढे बसून एकटाच बोलत होता, ती बाई पदराशी चाळा करत गप्प. मेलमिलाप करणारे दोघे पुरुष, दोघेही त्याच गावचे. ते म्हणाले, झालं, दोघांचं जमलं, सही घ्या. उपाध्यक्षांनी वही मिटली. सगळ्यांना चहाला पाठवलं, त्या बाईला आत नेलं, आणि अर्ध्या तासाने परत येऊन एवढंच म्हणाल्या की पुढची तारीख देऊ आणि त्या दिवशी आपण सगळे कुलोवर जाऊन बघू. प्रशिक्षणात आम्ही त्यांना कलमं शिकवली होती. हे शिकवलं नव्हतं. त्यानंतर आम्ही आमच्या नोंदवहीत एक प्रश्न घातला: दोन्ही पक्षांशी वेगवेगळं बोलणं झालं का?

तडजोडीबद्दल माझं मत म्हणूनच सरळ आहे. आपल्याकडे १५ ऑगस्ट २००७पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम चालली, गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ती उभी केली, आणि कित्येक गावांत बांधाबांधावरची भांडणं तिने मिटवली हे खरं आहे. पण बक्षिसासाठी तंटे शून्यावर आणायचे झाले की मार खाणाऱ्या बाईलाही 'मिटवून घे' सांगितलं जातं. श्रीलंकेत १९८८च्या कायद्याने मध्यस्थी मंडळं आली, तिथे तीनशेहून अधिक मंडळं सुट्टीच्या दिवशी शाळेत, देवळात बसतात, आणि न जमल्यास 'तडजोड झाली नाही' असा दाखला देतात. तो दाखला घेऊन माणूस कोर्टात जातो. न जमण्यालाही तिथे मान आहे. आपल्या २०२३च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं प्रकरण आहे. ते गावात उतरवताना हे कुणीतरी लक्षात ठेवायला हवं. ते कुणीतरी तुम्ही असाल तर मला आनंद होईल.

आणि हे सगळं आपल्याकडे बाहेरून आलं असं समजू नका. १२ मे १८७५ला आपल्याच जिल्ह्यात, सुप्यात, शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. राग कागदावर होता, कारण कोर्ट खतावरचा आकडा बघायचं आणि हुकूमनामा द्यायचं. मुद्दल किती, व्याज किती, अंगठा कशावर घेतला हे कुणी विचारायचं नाही. चौकशी होऊन १८७९ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या जिल्ह्यांत कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासता येऊ लागला, गावपातळीवर मुन्सफ आणि तडजोड घडवणारे नेमता येऊ लागले, कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणं बंद झालं. त्याच दशकात सार्वजनिक सभेच्या मंडळींनी पुण्यात लवाद न्यायालय चालवून पाहिलं. नेपाळमध्ये सहकाऱ्यांना मी सुप्याची गोष्ट सांगितली तेव्हा मुलुकी ऐनाखाली, म्हणजे नेपाळच्या जुन्या कायदेसंहितेखाली, कोर्टकज्जे बघितलेला एक म्हातारा वकील मान हलवत राहिला. (१८५४ साली आलेला आणि १९६३ साली नव्याने लिहिलेला तो ऐन जाऊन १७ ऑगस्ट २०१८ला तिथे नव्या संहिता आल्या. आपल्याकडे १ जुलै २०२४ला फौजदारी कायदे बदलले तेव्हा कलमांचे आकडे नव्याने पाठ करताना मला त्या म्हाताऱ्या वकिलांची आठवण आली.)

नोकरीचं खरं सांगते, कारण घरच्यांना तेच विचारायचं असणार. करार एक ते तीन वर्षांचे असतात. पैसा बाहेरून येतो आणि बाहेरच्या कारणाने थांबतो. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि १ जुलै २०२५ला यूएसएड या तिथल्या सरकारी मदतसंस्थेचा कारभार आटोपला, तेव्हा आशियाभर न्यायाच्या प्रकल्पांत काम करणारी माझ्या ओळखीची चांगली, अनुभवी माणसं घरी बसली. ज्यांची वकिलीची सनद जिवंत होती ती आपापल्या कोर्टात परतली. त्यामुळे घरचे 'प्रॅक्टिस कर' म्हणतात त्यात तथ्य आहे. सनद घ्या, ती सोडू नका.

एलएलएमची गरज शिरायला लागत नाही. पुढे धोरणाच्या किंवा संशोधनाच्या जागा हव्या असतील तर उपयोग होतो, आणि तोही दोन-तीन वर्षं काम करून गेलात तर जास्त; मग तिथे काय वाचायचं ते तुम्हाला ठाऊक असतं. मला नेपाळचं काम मिळालं तेव्हा मुलाखतीत पदवीबद्दल एकच प्रश्न आला. बाकी पाऊण तास त्यांनी तुरुंगातल्या याद्या आम्ही कशा केल्या, कोणते रकाने ठेवले, कारकुनांनी सहकार्य कसं केलं, हेच विचारलं.

तेव्हा आत्ता काय करा? जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन विधी स्वयंसेवकाच्या प्रशिक्षणाची चौकशी करा, विद्यार्थ्यांनाही घेतात. लोकअभिरक्षक कार्यालयातल्या, म्हणजे गरीब आरोपींची बाजू मोफत मांडणाऱ्या, वकिलांबरोबर आठवड्यातून एक दिवस बसायला परवानगी मागा. रिमांडच्या वेळी मागच्या बाकावर बसून फक्त एक गोष्ट लिहा: जामीन मंजूर झाला ती तारीख, आणि माणूस सुटला ती तारीख. पन्नास नोंदी झाल्या की मला इथेच लिहा, आपण त्या एकत्र वाचू.