‘न्याय्य संक्रमण’ की ‘न्याय्य स्थित्यंतर’?

नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या एका शिक्षिकेने विचारलंय: कोळशावरची वीज कमी होत गेली तर इथल्या कामगारांचं काय, यावर गावातल्या सभेसाठी मी पत्रक लिहितेय. या बदलात कामगारांवर अन्याय होऊ नये, या अर्थाच्या ‘जस्ट ट्रान्झिशन’ या इंग्रजी संज्ञेला ‘न्याय संक्रमण’ म्हटलं तर चालेल का?

आधी ‘न्याय’. तो इथे ‘न्याय्य’ हवा, शेवटी दोन य. टाइप करताना दुसरा य हमखास गळतो, आणि त्याच्याबरोबर अर्थही. पाणिनीचं सूत्र आहे, ‘धर्मपथ्यर्थन्यायादनपेते’. धर्म, पथिन्, अर्थ, न्याय या शब्दांना ‘त्यापासून न ढळलेलं’ या अर्थी य लागतो आणि धर्म्य, पथ्य, अर्थ्य, न्याय्य हे शब्द होतात. दुखणेकऱ्याला आपण सांगतो ते पथ्य आणि हा न्याय्य सख्खी भावंडं आहेत, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. पथ्य म्हणजे वाट न सोडलेलं, न्याय्य म्हणजे न्याय न सोडलेलं. ‘न्यायी’ मात्र माणसाला म्हणायचं: राजा न्यायी, निवाडा न्याय्य.

आता ‘संक्रमण’. मुळात शब्द अगदी नेमका आहे. एकीकडून दुसरीकडे ओलांडून जाणं. सूर्य मकर राशीत जातो ती संक्रांत याच धातूची. पण नागपुरात आपल्या कानावर दिवसभर हिंदी असते, आणि हिंदीत संक्रमण म्हणजे संसर्ग. कोरोनाच्या दोन वर्षांत तर तोच अर्थ पक्का बसला. तुमचा मसुदा मी शेजारच्या काकूंना वाचून दाखवला. त्यांचा मुलगा कोराडीच्या पावर हाऊसमध्ये, म्हणजे वीज केंद्रात, कंत्राटी कामावर आहे. त्या भाजी निवडता निवडता थांबल्या. “आता कायचं संक्रमण आलं बाप्पा?”

म्हणून पत्रकात ‘न्याय्य स्थित्यंतर’ लिहा. त्यातही एक उणीव आहे. स्थित्यंतर म्हणजे दुसरी स्थिती; तो शब्द मुक्काम दाखवतो, संक्रमण वाट दाखवतं. आणि या संज्ञेतला न्याय वाटेवरचाच आहे: मधल्या काळातला पगार, नवं काम शिकण्याची सोय. ही कल्पना कामगार चळवळीतून आली. अमेरिकेतल्या तेल-रसायन कामगारांचे नेते टोनी माझोकी यांनी ती पुढे आणली. हवामान बदलावरच्या २०१५च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकेतही ‘कामगारांचं’ न्याय्य स्थित्यंतर असंच म्हटलंय. त्यामुळे ‘हरित संक्रमण’ हा पर्याय मला अजिबात मान्य नाही. त्यात झाडं दिसतात, माणूस नाहीसा होतो. भारताने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच शोषला जावा यासाठी, २०७० साल ठरवलंय. एवढ्या लांबच्या वाटेत माणूस शब्दातूनच गळला तर कामातून गळायला वेळ लागणार नाही.

काकूंना ‘स्थित्यंतर’ही कळलं नाही, हे सांगायलाच हवं. मी समजावल्यावर त्या म्हणाल्या, “म्हंजे पावर हाऊस बंद झालं त पोराचं काय, तेच ना?” तेच. तेव्हा संज्ञा मथळ्यात एकदाच ठेवा आणि खाली लगेच साध्या मराठीत लिहा. ‘खाण’ नको, आपल्याकडे ‘खदान’ म्हणतात. मी असं लिहीन: “खदान किंवा पावर हाऊस बंद होण्याआधी तिथल्या कायम आणि कंत्राटी कामगारांना, कोळशाच्या ट्रकवाल्यांना आणि ज्यांची जमीन गेली त्यांना दुसरं काम मिळालं पाहिजे.”