‘बुस्को उन मेदिको’ की ‘बुस्को आ उन मेदिको’?

प्रश्न असा आहे: ‘बुस्को उन मेदिको के आब्ले एस्पान्योल’ आणि ‘बुस्को आ उन मेदिको के आब्ला एस्पान्योल’ या दोन्ही स्पॅनिश वाक्यांचा अर्थ ‘स्पॅनिश बोलणारा डॉक्टर शोधतोय’ असाच सांगितला जातो. मग दुसऱ्यात ‘आ’ कशाला आणि ‘आब्ले’चं ‘आब्ला’ का?

‘बोलणारा’ म्हटलं की फरक बुजतो. वाक्य जरा मोकळं करून बघा. पहिलं: ‘ज्याला स्पॅनिश येत असेल असा एखादा डॉक्टर शोधतोय.’ दुसरं: ‘एका डॉक्टरांना शोधतोय, त्यांना स्पॅनिश येतं.’ पहिल्यात असा डॉक्टर आहे की नाही हेसुद्धा ठाऊक नाही, कोणीही चालेल. दुसऱ्यात माणूस ठरलेला आहे, फक्त सापडत नाहीये. ‘येत असेल’मधल्या ‘असेल’चं काम तिथे सब्जंक्टिव्हचं (म्हणजे खात्री नसलेल्या गोष्टीसाठी वापरायचं क्रियापदाचं) रूप ‘आब्ले’ करतं आणि ‘डॉक्टरांना’मधल्या ‘ना’चं काम ‘आ’ करतो.

इंग्रजीतून स्पॅनिश शिकताना हा ‘आ’ विचित्र वाटतो, कारण इंग्रजीत असं काही नाही. आपल्याला तो परका वाटायचं कारणच नाही. आपण ‘घर बघतो’, पण ‘मारियाला बघतो’. स्पॅनिशमध्येही ‘बेओ ला कासा’, पण ‘बेओ आ मारिया’. कर्म सजीव आणि निश्चित असेल तर त्याला खूण लावायची, ही रीत हिंदीच्या ‘को’मध्येही आहे. म्हणून माझा आग्रह आहे की मराठी माणसाने हा भाग मराठीतूनच समजून घ्यावा.

तरी दोन ठिकाणी मराठीच्या भरवशावर राहू नका. पहिलं म्हणजे ‘आल्गिएन’, म्हणजे ‘कोणीतरी’. ‘मराठी बोलणारं कोणीतरी शोधतोय’ यात आपण ‘ला’ लावत नाही, पण स्पॅनिशमध्ये ‘बुस्को आ आल्गिएन के आब्ले मराठी’ असंच म्हणावं लागतं. माणूस अनिश्चित, म्हणून ‘आब्ले’ कायम, तरीही ‘आ’ हवाच. ‘नादिए’, म्हणजे ‘कोणीही नाही’, कर्म म्हणून आला की त्यालाही हाच नियम.

दुसरं ‘तेनेर’, म्हणजे ‘(जवळ) असणे’, हे क्रियापद. ‘मला एक भाऊ आहे’ हे ‘तेंगो उन एर्मानो’, इथे ‘आ’ नाही. पण ‘माझा भाऊ हॉस्पिटलमध्ये आहे’ हे काळजीने सांगताना ‘तेंगो आ मि एर्मानो एन एल ओस्पिताल’ म्हणतात. पहिल्यात फक्त भाऊ असल्याची माहिती आहे, दुसऱ्यात ठरावीक भावाची अवस्था.