सख्ख्या भावाला फ्लॅट भाड्यानं दिला तर त्याला भाड्याची सरकारी मदत मिळते का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: इंग्लंडमध्ये लेस्टरला तुमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. आताचा भाडेकरू महिन्याला ९०० पौंड देतो आणि पुढच्या महिन्यात सोडतोय. दादाची नोकरी गेलीय, वहिनी आणि दोन लहान मुलींसह तो सध्या तुमच्याच घरी राहतोय. तो ब्रिटिश नागरिक आहे, युनिव्हर्सल क्रेडिट (नोकरी नसलेल्या किंवा कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणारी सरकारी मदत, भाड्याची मदतही त्यातच येते) सुरू झालंय. फ्लॅट त्याला द्यायची तुमची इच्छा आहे, पण कुणीतरी सांगितलं की नातेवाईकाला घर दिलं तर भाड्यासाठी एक पैसाही मिळत नाही. शिवाय आई म्हणते, सख्ख्या भावाकडून भाडं घेतोस?

मिळू शकतं. नियम असा आहे की जवळच्या नातेवाईकाकडून भाड्यानं घेतलं आणि तो नातेवाईकही त्याच घरात राहत असेल, तर भाड्याची मदत मिळत नाही. म्हणजे दादा तुमच्या घरात वरच्या खोलीत राहून तुम्हाला भाडं देत असता, तर काही मिळालं नसतं. फ्लॅट वेगळा, तुम्ही तिथे राहत नाही, त्यामुळे ही आडकाठी तुम्हाला लागू नाही. आपल्याकडे गैरसमज होतो तो बहुतेक इथेच. आणखी एक घोळ शब्दांचा आहे. जवळचे नातेवाईक म्हणजे कायद्यानं आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण, सासू-सासरे, सून-जावई, सावत्र आई-वडील आणि सावत्र मुलं, आणि या सगळ्यांचे जोडीदार. चुलतभाऊ, मामेबहीण, काका, आत्या, भाचा, एवढंच काय आजी-आजोबाही त्यात येत नाहीत. आपण चुलतभावालाही भाऊच म्हणतो, म्हणून एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू होत नाही.

खरी परीक्षा पुढे आहे. व्यवहार खरा आहे का, हे मदत देणारे अधिकारी बघतात. भाडं देण्याचं बंधन सच्चं आहे, की मदत मिळावी म्हणून कागदावर उभं केलंय? यात मी एकदा चांगलाच पोळलोय, म्हणून सविस्तर सांगतो.

२०१५ साली माझी धाकटी बहीण घटस्फोटानंतर माझ्या दुसऱ्या घरात राहायला आली. तेव्हा तिचा अर्ज काउन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, हाउसिंग बेनिफिट या भाड्याच्या जुन्या मदतीसाठी होता. पहिले चार महिने ती भाडं रोख द्यायची. रविवारी यायची, ओट्यावर पाकीट ठेवायची आणि त्यावर चिवड्याचा नाहीतर पोह्यांचा स्टीलचा डबा. मी पावती कधी दिली नाही, मोजलंही नाही. मग काउन्सिलचं पत्र आलं. त्यात एक प्रश्न होता: भाडेकरूनं तीन महिने भाडं दिलं नाही तर तुम्ही काय कराल? मी मनापासून लिहिलं, बहीण आहे, काय करणार, सांभाळून घेईन. त्याच वाक्यावर अर्ज नामंजूर झाला. त्यांचं म्हणणं असं की जो घरमालक भाडं मिळालं नाही तरी राहू देणार आहे, त्याच्याशी भाड्याचा करार झालाच नाही, त्याला कुटुंबातली सोय म्हणतात. तेव्हा फार राग आला होता. आज वाटतं, प्रश्न रास्त होता, माझं उत्तरच अर्धं होतं. घराचं मॉर्गेज, म्हणजे गृहकर्ज, त्या भाड्यावर चाललं होतं, भाडं थांबलं असतं तर मला ते घर ठेवता आलं नसतं, आणि हे मी लिहिलंच नव्हतं.

आम्ही अपील केलं. ट्रायब्युनलपुढे, म्हणजे अशी अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे, उपयोग झाला तो या कागदांचा: आधीच्या भाडेकरूचं त्याच रकमेचं अ‍ॅग्रीमेंट, माझं मॉर्गेजचं स्टेटमेंट, पुढच्या महिन्यांच्या स्टँडिंग ऑर्डरच्या (बँकेतून दरमहा आपोआप जाणाऱ्या भाड्याच्या) नोंदी, आणि १५० पौंड थकल्यावर मी बहिणीला पाठवलेला ईमेल. तो ईमेल लिहिताना मला लाज वाटली होती. निर्णय आमच्या बाजूनं लागला, पण सात महिने गेले आणि त्या काळात बहिणीनं दागिने मोडले. ते मला अजून सलतं.

म्हणून तुमच्या बाबतीत सांगतो. आताचा भाडेकरू ९०० देतो, ही तुमची सर्वांत भक्कम बाजू. त्याचं अ‍ॅग्रीमेंट आणि मागच्या सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स जपून ठेवा. दादालाही तेच भाडं, तसंच लेखी टेनन्सी अ‍ॅग्रीमेंट. डिपॉझिट घेतलं तर ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत जमा करा, आणि ते पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. गॅसची दरवर्षीची तपासणी, विजेचा पाच वर्षांचा रिपोर्ट, राइट टु रेंटची (भाडेकरूला इथे भाड्यानं राहायचा हक्क आहे का याची) पडताळणी हे परक्या भाडेकरूसारखंच. रोख अजिबात नको.

भाडं कौन्सिल टॅक्सच्या बिलासारखं ठराविक तारखेला यायला हवं, आणि ते मदत मिळायच्या आधीपासून. दादा सध्या तुमच्याकडे फुकट राहतोय, त्यामुळे ‘मदत मिळणार कळल्यावर भाडं सुरू केलं’ असा संशय येऊ शकतो. त्याला उत्तर असं की घर बदलतंय, फ्लॅट आधीपासून भाड्यानंच आहे.

किती मिळेल, ते फक्त भाड्यावर ठरत नाही. लोकल हाउसिंग अलाउन्स म्हणून त्या भागासाठी एक कमाल रक्कम ठरलेली असते, ती २०२४ साली त्या भागातल्या भाड्यांच्या खालच्या ३० टक्क्यांच्या पातळीवर धरली होती. मुली १६ वर्षांखालच्या असतील तर दोघींना एकच खोली धरतात, म्हणजे दादाला दोन बेडरूमचा दर. ९०० पेक्षा तो कमी असेल तर फरक दादानं भरायचा, आणि तो त्याला खरंच भरता येईल का हे आधी बसून मोजा. लंडनबाहेर कुटुंबाला मिळणाऱ्या एकूण सरकारी मदतीवर वर्षाला २२,०२० पौंडांची मर्यादाही आहे. भाडं उगाच वाढवू नका, आणि ‘तुझ्यासाठी ६००’ असंही करू नका. बाजारभावापेक्षा कमी भाडं घेतलंत तर टॅक्समध्ये त्या घराचा खर्च त्या भाड्यापुरताच वजा करता येतो, तोटा दाखवता येत नाही.

मॉर्गेज असेल तर बँकेशी आधी बोला. बहुतेक बाय-टु-लेट (भाड्यानं द्यायच्या घरासाठीच्या) कर्जांत जवळच्या नातेवाईकाला घर देता येत नाही, कारण मग ते कर्ज वेगळ्या नियमांखाली जातं.

दादाच्या नावावर पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट किंवा एफडी आहे का, हे त्याला स्पष्ट विचारा. भारतातली मालमत्ताही धरली जाते, आणि बचत १६,००० पौंडांच्या वर गेली तर युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नाही. त्या घरात पेन्शनच्या वयाचे आई-वडील राहत असतील तर ते घर मोजत नाहीत. पण सांगायचं मात्र लागतं. आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठी: नातेवाईक ‘नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घेता येणार नाही) लिहिलेल्या व्हिसावर असेल तर हा विषयच बाजूला ठेवा, अर्ज केला तर त्याचा व्हिसा धोक्यात येईल.

आईंना सांगा की भाडं घेतलं नाही तर दादाला भाड्यासाठी सरकार काही देणार नाही, आणि मॉर्गेज तुमच्या पगारातून जाईल. मी बहिणीला आणि आईला एकत्र बसवून हे सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, मग तो ईमेल पाठवताना ‘काळजी घे’ असं शेवटी लिहित जा. मी लिहित गेलो.

दादाच्या अर्जात घरमालक नातेवाईक आहे का, हा प्रश्न येईल. तिथे ‘हो, सख्खा भाऊ, या घरात राहत नाही’ असं लिहा आणि जुन्या भाडेकरूचं अ‍ॅग्रीमेंट सोबत द्या. तिथे नातं लपवलं तर पुढे काहीच वाचवता येणार नाही.