सहा महिने रोज ३० किलोमीटर सायकल चालवतोय, तरी मांड्या का भरत नाहीत?

रोज ३० किलोमीटर चालवताय म्हणूनच. तिरकस वाटेल, पण हिशेब करा. मिनिटाला ८० फेरे धरले तर तासाभरात पायडल ४,८०० वेळा फिरतं. पाय जे काम ४,८०० वेळा करू शकतात, ते दर वेळी हलकंच असणार. खांद्यावर वजन घेऊन बैठका मारताना दहाव्या बैठकीला पाय लटपटतात, स्नायू भरतो तो तसल्या कामानं. लांब पल्ल्यानं दम वाढतो, घेर फारसा नाही.

जर्मनीचा ट्रॅक सायकलपटू (बंदिस्त गोल ट्रॅकवर शर्यत मारणारा) रॉबर्ट फोर्स्टेमान घ्या, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये टीम स्प्रिंट या छोट्या, वेगवान शर्यतीचं ब्राँझ मिळवणारा. त्याच्या मांड्यांचे फोटो तुमच्याही मोबाईलवर कधीतरी आले असतील. आणि दुसरीकडे टूर द फ्रान्स ही लांब पल्ल्याची रस्त्यावरची शर्यत चार वेळा जिंकलेला ख्रिस फ्रूम, पाय बघून वाटतं याला घरी कुणी जेवायला वाढतं की नाही! फोर्स्टेमानची शर्यत मिनिटभरात आटोपायची. गिअर एकच, ब्रेक नाही, उभ्या जागेवरून जीव खाऊन सायकल उचलायची. शिवाय या ट्रॅकवाल्यांचा बराचसा घाम जिममध्ये बारबेलखाली गळतो, ते फोटोत दिसत नाही. फ्रूमला तीन आठवडे डोंगर चढायचे असायचे, जास्तीचा प्रत्येक किलो त्यालाच वर ओढावा लागायचा.

माझंच सांगतो. पहिल्या वर्षी कुणीतरी म्हणालं म्हणून सिंहगडाचा घाट मुद्दाम जड गिअरवर चढायचो. मांडी होती तेवढीच राहिली, गुडघा मात्र धरला आणि सायकल तीन आठवडे भिंतीला टेकून. पुढे २०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरं करायचं लांब पल्ल्याचं सायकलिंग, करायला लागलो (साडेतेरा तासांत संपवायची असते). दोन वर्षांनी शिंप्याची टेप लावली तर मांडी अर्धा इंच कमीच भरली! चरबी गेली होती. गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला थेंबासारखा एक उंचवटा तेवढा आला, बायकोला तो अजून दिसत नाही.

घेरच हवा असेल तर आठवड्यातले दोन दिवस किलोमीटर विसरा. छोटा चढ शोधा, जवळजवळ थांबलेल्या सायकलवरून १०-१५ सेकंद सगळी ताकद लावा, तीन-चार मिनिटं रेंगाळा, असं सहा वेळा. उभं राहून मारलंत तर मांडीच्या पुढच्या बाजूवर आणि कुल्ल्यांवर जास्त भार येतो. पण खरी भर वजन घेऊन मारलेल्या बैठकांनीच पडेल, आणि ताटात डाळ, अंडी, पनीर वाढवल्याशिवाय तीही नाही.

हे सगळं सुरू करण्याआधी सीट तपासा. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा. माझी सीट दोन बोटं खाली होती, गुडघा त्यानंही दुखला असणार.