जुनी डस्टर की जुनी क्रेटा?

प्रश्न : २०१७ची रेनॉ डस्टर ११० पीएस आणि त्याच वर्षाची ह्युंदाई क्रेटा १.६ लिटर, दोन्ही गाड्या डिझेल, एमएच-१५ पासिंग. आम्ही चौघे, फिरणं भंडारदरा, जव्हार, सापुतारा. कोणती घ्यावी?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : डांबरी सोडून आत शिरायचं असेल तर डस्टर. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, २०५ मिमी, क्रेटाचा १९०. शिवाय डिकी मोठी. खड्डे तर ती गिळतेच. पण तिला टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा; तो ठरावीक काळानं बदलावा लागतो. बदलल्याचं बिल नसेल तर बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, वॉटर पंपाचा खर्च किमतीतून वजा करा. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, मग इंजिनच खोलावं लागतं. क्रेटाला बेल्टऐवजी चेन आहे, ही कटकट नाही. मुक्काम हॉटेलातच असेल तर तीच बरी.

क्लच मात्र दोन्हींचा चढावर तपासा. चौथ्या गिअरला, ताशी ४० वर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम (इंजिनचे फेरे) चढले आणि वेग तिथंच, तर क्लच प्लेट गेली. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहा. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) कर्जाचा बोजा असेल तर तो उतरेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.