आकड्यात पाऊस पुरा, रानात भेगा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं रान अथणीच्या पूर्वेला, सगळं कोरडवाहू. बातम्यांत सांगतात बेळगाव जिल्ह्यात पाऊस सरासरीइतका झाला, आणि इकडं तूर माना टाकून उभी आहे, मक्याची कणसं भरली नाहीत. मग खरं कुणाचं धरायचं?
– एक शेतकरी, अथणी तालुका

उत्तर : दादा, आकडा खरा आहे पण तो तुमच्या रानाचा नाही. आपला जिल्हा म्हणजे एका टोकाला खानापूर, कणकुंबी-जांबोटीचं जंगल, तिथं पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि दुसऱ्या टोकाला तुमची अथणी, जिथं वर्षाचा पाऊस सहाशेच्या आसपास, कधी त्याहून कमीच. या दोघांची मिळून सरासरी काढली की खानापूरचं पाणी कागदावर तुमच्या रानात येतं. म्हणून जिल्ह्याचा आकडा वाचून सोडून द्या, होबळीचा बघा (होबळी म्हणजे तालुक्याखालचा काही गावांचा गट), जमलं तर पंचायतीचा. बेंगळुरूला राज्याचं नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्र आहे, ते 1988 साली दुष्काळावर नजर ठेवायलाच सुरू झालं होतं, आता त्यांची आपोआप मोजणारी पर्जन्यमापकं ग्रामपंचायतीपर्यंत बसलेली आहेत. त्यांची 'वरुण मित्र' नावाची चोवीस तास चालणारी हेल्पलाइन आहे, तिथं विचारता येतं.

पण माझं म्हणणं याच्याही पुढचं आहे. नुसती बेरीज बघूच नका, खंड बघा, म्हणजे मधे किती दिवस पाऊस दडी मारतो ते. हवामान खात्याच्या हिशेबात पाऊस सरासरीपेक्षा 19 टक्क्यांपर्यंत कमी असला तरी तो 'सरासरीइतका'च धरतात. आता समजा जूनमध्ये दोन दिवसांत धो धो पडला, निम्मं पाणी ओढ्यानं वाहून गेलं आणि नंतर पिकाला फुलं लागायच्या वेळेला तीन आठवडे उघडीप, तर बेरीज पुरी भरते आणि पीक मरतं. 2023 ला हेच बघितलं की आपण, जून कोरडा गेला, जुलैत बरा पडला, सगळ्यांनी पेरलं आणि ऑगस्ट असा गेला की देशात 1901 पासूनचा तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी कर्नाटकातले 223 तालुके दुष्काळी जाहीर झाले. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ नियमावलीत सुद्धा सलग तीन-चार आठवडे पाऊस सरासरीच्या निम्म्याहून कमी असेल तर त्याला खंड म्हणून वेगळं मोजतात, म्हणजे सरकारी कागदालाही हे मान्य आहे, आपणच गावात बेरजेवर वाद घालत बसतो.

नदीकडं बघूनही अंदाज बांधू नका. कृष्णा भरून वाहते म्हणजे पाऊस महाबळेश्वर-कोयनेला झालाय. 2019 च्या मे मध्ये कृष्णेचं पात्र कोरडं म्हणून कोयनेचं पाणी सोडा अशी मागणी चालली होती आणि ऑगस्टमध्ये त्याच नदीनं चिकोडी, रायबाग, अथणीची काठावरची गावं बुडवली. काठापासून लांबच्या माळावरच्या रानाला त्या पुराचा काय उपयोग?

उपग्रहाच्या फोटोचंही तसंच. त्यात हिरवेपणा मोजतात, चांगली पद्धत आहे, पण नदीकाठचा आणि कालव्याखालचा ऊस त्यात वेगळा काढला नाही तर अख्खा तालुका हिरवा दिसतो, आणि तण सुद्धा हिरवंच असतं. दाणा भरला का नाही ते बांधावर उभं राहूनच कळतं.

म्हणून स्वतःची वही ठेवा. सरळ उभ्या कडेचा, तळ सपाट असलेला डबा उघड्या जागी ठेवा, झाडापासून, भिंतीपासून चांगला लांब, आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजून ओता, खात्याचीही मोजायची वेळ तीच आहे म्हणून ताळा जुळतो. 1 मिलिमीटर म्हणजे एकरी साधारण 4 हजार लिटर पाणी. तारीख, पाऊस, पीक कुठल्या अवस्थेत आहे, एवढं लिहा. अडीच मिलिमीटरच्या आतला पाऊस लिहा पण पावसाचा दिवस म्हणून धरू नका, खातंही धरत नाही.

प्रश्न : सौंदत्तीकडं आमची काळी जमीन आहे. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, आत्ता पेरू का हत्तीच्या (हस्त नक्षत्राच्या) पावसाची वाट बघू? घरातले म्हातारे थांब म्हणतात.

उत्तर : आकाशाकडं नंतर बघा, आधी खोरं घेऊन रानात जा. शाळू येतो तो जमिनीत मुरलेल्या ओलीवर, वरच्या पावसावर कमी. दोन फूट खणा, खालची माती मुठीत दाबा, गोळा होऊन राहत असेल आणि वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, असेल तर थांबायचं कारण नाही. मालदांडी या शाळूच्या वाणाची वेळ सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. त्याच्या आधी घाई केली तर खोडमाशी त्रास देते, आणि हत्ती सप्टेंबरच्या शेवटी लागतो, तो पडेलच असा भरवसा नाही, तोपर्यंत खालची ओल मात्र रोज कमी होते. नुसती वरची वीतभर ओल असेल तर म्हाताऱ्यांचं ऐका, थांबा. मुरमाड, उथळ रानात शाळूचा हट्ट नको. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती' म्हणतात, पण स्वातीचा पाऊस कामाला येतो तो आधी उगवून आलेल्या पिकाला. आणि उगवल्यावर कोळपणी चुकवू नका, काळ्या रानाला भेगा पडल्या की त्यातून ओल उडते, कोळपं फिरलं की त्या बुजतात.

प्रश्न : पावसाअभावी सोयाबीन गेलं, विम्याला 72 तासांत कळवायला पाहिजे होतं का? आता मिळणार नाही का?
– एक ताई, गोकाक तालुका

उत्तर : ताई, घाबरू नका. ते 72 तास गारपीट, रानात पाणी साचणं असल्या एकट्या शेताच्या नुकसानीसाठी आहेत. पावसाच्या खंडानं झालेलं नुकसान अख्ख्या पंचायतीचं किंवा होबळीचं मिळून ठरतं, पीक कापणी प्रयोगाच्या, म्हणजे ठराविक रानातलं पीक कापून, मोजून काढलेल्या उत्पन्नावरून. त्यामुळं प्रयोग आपल्या गावात कुठल्या रानात, कधी होणार ते तलाठ्याला विचारून तिथं उभ्या राहा. दुसरं, मोबाईलवरच्या पीक पाहणीत तुमच्या गटाला सोयाबीनच लागलंय का ते बघा. विमा एका पिकाचा आणि पाहणीत दुसरंच पीक लागलं की दावा अडकतो, आणि हे आत्ताच दुरुस्त करून घ्यावं लागतं. होबळीच्या रयत संपर्क केंद्रात जाताना उतारा आणि हप्त्याची पावती बरोबर न्या.

प्रश्न : फोनवर कुठलं ॲप ठेवावं?

उत्तर : हवामान खात्याचं 'मेघदूत', मंगळवारी आणि शुक्रवारी नवा सल्ला येतो, पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. फवारणी, कोळपणी त्यावर ठरवा. सल्ला कन्नडमध्ये आला तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरांकडून वाचून घ्या, त्यांना येतं. आणि वळवाच्या, परतीच्या दिवसांत विजेसाठी 'दामिनी' ठेवाच, पुण्याच्या संस्थेनं केलंय, जवळपास वीज पडायचा धोका असला की फोनवर इशारा येतो, तो आला की झाडाखाली न थांबता घर गाठा.