वाचकांचे प्रश्न : लांब पल्ल्याची रायफल आणि निवडीचा क्रम

प्रश्न : माझे थोरले बंधू अनेक वर्षांपासून अमेरिकेत ओहायो राज्यात राहतात आणि त्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे. लांब अंतरावरच्या लक्ष्यवेधी नेमबाजीसाठी त्यांना सेमी-ऑटोमॅटिक (पुढचे काडतूस आपोआप भरणारी) रायफल घ्यायची असून एआर-१५ घ्यावी की एआर-१० या घडणीची, याचा निर्णय होत नाही. येत्या जुलैत मी पर्यटक व्हिसावर त्यांच्याकडे जाणार आहे. कॉलेजात असताना एनसीसीमध्ये मी पॉइंट टू-टू रायफल चालवली आहे. त्यांची रायफल मला तेथे चालवता येईल का, आणि पुढे तशीच रायफल येथे घेता येईल का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : आपल्या पत्रात रायफलीची नावे आहेत, मात्र अंतर किती आणि स्पर्धा कोणती याचा उल्लेख नाही. निवडीचा क्रम नेमका उलटा असायला हवा. 'लांब पल्ला' या दोन शब्दांत ३०० यार्डही येतात आणि १,००० यार्डही, आणि या दोहोंसाठी एकच उत्तर देणारा बहुधा दुकानदार असतो.

प्रथम नावांविषयी. 'एआर' म्हणजे 'आर्मालाइट रायफल'. त्या कंपनीत यूजीन स्टोनर यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यास ७.६२ मिलिमीटरच्या मोठ्या काडतुसासाठी एआर-१० घडवली आणि तीच रचना लहान करून पुढे एआर-१५ आली. म्हणजे धाकटे भावंड प्रसिद्ध झाले असले, तरी थोरले आधीचे आहे. व्यवहारात मात्र धाकट्याचा एक मोठा फायदा आहे. एआर-१५चे सुटे भाग लष्करी मोजमापांना धरून बनत असल्याने एका कंपनीची नळी दुसऱ्या कंपनीच्या सांगाड्यावर सहसा बसते. एआर-१०च्या आकारात असे एकच सर्वमान्य माप नाही, निरनिराळ्या कंपन्यांच्या किमान दोन-तीन वेगळ्या धाटण्या आहेत, आणि मॅगझिनपासून (काडतुसांची पेटी) हँडगार्डपर्यंत (नळीभोवतीचे, हाताने धरायचे आवरण) काहीही घेताना 'हे माझ्या धाटणीचे आहे का' हे विचारावे लागते. जी मंडळी सुटे भाग जुळवून रायफल उभी करण्याच्या विचारात असतात, त्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

आता अंतर. १,००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर. आपण वाशीचे असल्यामुळे सोपे उदाहरण देतो : वाशीच्या खाडीपुलाच्या एका टोकाला नेमबाज आडवा झाला आहे आणि पुलाच्या जवळजवळ बरोबर मध्यावर कागदाचे लक्ष्य आहे, इतके हे अंतर आहे. .३०८ विंचेस्टर या काडतुसाची १७५ ग्रेन (गोळीच्या वजनाचे माप; १७५ ग्रेन म्हणजे सुमारे ११ ग्रॅम) वजनाची स्पर्धेसाठीची गोळी तेथवर पोहोचायला दीड सेकंदाहून अधिक वेळ घेते. १०० यार्डांवर जुळवलेली दुर्बीण तशीच ठेवली, तर ती गोळी नेमलेल्या जागेच्या सुमारे दहा मीटर खाली जाईल. हे खाली जाणे दर वेळी सारखेच असल्याने दुर्बिणीच्या चकतीवर मोजून भरून काढता येते. वारा तसा मोजता येत नाही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा या गोळीला त्या अंतरावर दोन मीटरहून अधिक बाजूला ढकलतो, आणि तो वारा वाटेत तीन ठिकाणी तीन वेगांचा असू शकतो. खाडीवर दुपारी उभे राहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

शिवाय एवढ्या पल्ल्याअखेर ही गोळी ध्वनीच्या वेगाच्या सीमेवर आलेली असते, आणि ती सीमा ओलांडताना गोळी डळमळू लागते. याच कारणाने २००७ साली बाजारात आलेले ६.५ क्रीडमूर हे काडतूस लांब पल्ल्याच्या नेमबाजांत लोकप्रिय झाले. त्याची सडपातळ गोळी वेग टिकवून धरते आणि वाऱ्याने साधारण पाव हिस्सा कमी सरकते. मोबदल्यात नळी लवकर झिजते; .३०८च्या नळीचे आयुष्य हजारो गोळ्यांचे, तर ६.५चे साधारण त्याच्या निम्मे धरून चालावे. सराव भरपूर करणाऱ्याने नळीला टायरसारखी बदलण्याची वस्तू मानावे. ही दोन्ही काडतुसे मोठ्या, म्हणजे एआर-१०च्या, आकारात बसतात.

मग एआर-१५ लांब पल्ल्याला निरुपयोगी आहे का? मुळीच नाही, आणि येथे बंधूंचे राज्य त्यांच्या कामी येते. ओहायोतच ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी आहे. तेथे दर उन्हाळ्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. त्यांतील 'सर्व्हिस रायफल' प्रकारात २००, ३०० आणि ६०० यार्डांवर नेम धरला जातो, आणि त्या रांगेत आज प्रामुख्याने एआर-१५ घडणीच्याच रायफली दिसतात. जलद फेरीत मिनिटभराच्या आसपास दहा गोळ्या झाडायच्या असतात, मध्ये मॅगझिनही बदलायचे असते. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा न लागणे हा सेमी-ऑटोमॅटिकचा खरा लाभ तेथे पदरात पडतो. ६०० यार्डांवरच्या संथ फेरीत मात्र गंमत होते. तेथे अनेक जण ८० ग्रेनची लांब गोळी वापरतात, ती मॅगझिनमध्ये मावतच नाही, आणि मग स्वयंभरण करणाऱ्या रायफलीत माणूस एकेक काडतूस बोटाने ठेवत बसतो. त्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १२ इंचांचे, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटरचे असते.

यावरून माझे मत असे : बंधूंना कॅम्प पेरीच्या प्रकारात उतरायचे असेल, तर त्या स्पर्धेच्या नियमांत बसणारी एआर-१५ घ्यावी. नळी मोकळी, म्हणजे हँडगार्डला कोठेही न टेकणारी असावी, तिच्या आतील पीळ, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या खाचांचे वळण, ७ किंवा ८ इंचांत एक फेरा पूर्ण करणारा असावा, कारण त्याहून सैल पीळ ८० ग्रेनची गोळी स्थिर ठेवू शकत नाही, आणि ट्रिगर दोन टप्प्यांचा असावा. खर्चाचा मोठा वाटा नळी, ट्रिगर आणि काडतुसे यांवर जावा; रेल, पकड, रंग यांवर नव्हे. केवळ ८०० ते १,००० यार्डांवर शांतपणे एकेक गोळी झाडायची असेल, तर सेमी-ऑटोमॅटिकचा हट्ट सोडून बोल्ट-अॅक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीसाठी हाताने बोल्ट ओढायची रायफल, घ्यावी. त्याच पैशांत ती अधिक अचूक मिळते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये गोळी सुटल्यावर गॅसच्या जोराने जड भाग मागे-पुढे धावतात, हातोडीचा प्रवास लांब असतो, आणि ट्रिगर दाबल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत नेमबाजाची पकड जराही ढिली झाली, तर ती चूक कागदावर उमटते. बोल्ट-अॅक्शन अशा चुका पुष्कळशा पोटात घालते. मोठ्या आकाराची सेमी-ऑटोमॅटिक लष्करी निशाणबाजांना लागते, कारण त्यांना दुसरी गोळी तातडीने हवी असते. कागदी लक्ष्य कोठे पळून जात नाही.

आपल्या स्वतःच्या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्याला फारशी आवडणार नाहीत. पर्यटक व्हिसावर अमेरिकेत आलेल्या परदेशी व्यक्तीला तेथील संघराज्याच्या कायद्याने बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यांसारखे मोजके अपवाद आहेत. बंधूंची रायफल रेंजवर क्षणभर हाती घेणे हेदेखील 'बाळगणे' ठरू शकते. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई लागू नाही, म्हणून बंधूंना अडचण नाही; आपण मात्र तेथील वकिलाला विचारल्याशिवाय रायफलीला हात लावू नये. प्रेक्षक म्हणून जावे, वाऱ्याची निशाणे पाहत बसावे. तेवढ्यानेही पुष्कळ शिकता येते.

नवी मुंबईत अशी रायफल घेण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार सेमी-ऑटोमॅटिक रायफली निर्बंधित वर्गात मोडतात आणि त्यांचा परवाना पोलीस आयुक्तालयाच्या नव्हे, तर केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतो. सैन्याची .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची काडतुसे चालू शकतील अशी बोल्ट-अॅक्शन रायफलही त्याच वर्गात जाते. सर्वसामान्य परवान्यावर ईशापूरच्या कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल मिळू शकते, परंतु तिचे काडतूस जुन्या वळणाचे आहे आणि लांब पल्ल्याच्या लक्ष्यवेधासाठी ती घेणे म्हणजे बैलगाडीला शर्यतीच्या मोटारीची चाके लावणे होय. आपली एनसीसीतली पॉइंट टू-टू हाच आपला खरा धागा आहे. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते ५० मीटरवर, त्याच मापाच्या काडतुसाने, प्रत्येक गोळी हाताने भरून.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि सहा महिन्यांपासून १० मीटर एअर रायफल शिकते. 'एवढ्याशा अंतरात काय कौशल्य, थेट मोठ्या अंतरावर घाला', असे तिचे वडील म्हणतात. त्यांना काय सांगावे?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : त्यांना १० मीटरचे कागदी लक्ष्य हातात द्यावे. त्यातला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो; चष्म्याशिवाय तो शोधायलाच त्यांना वेळ लागेल. तेथे वारा नाही, धक्का नाही, त्यामुळे चूक झाली तर ती आपलीच, दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही. श्वास, ट्रिगरचा दाब आणि गोळी सुटल्यानंतरही स्थिर राहणे हे सारे येथेच अंगी मुरते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनचे (आडवे होऊन नेम धरण्याच्या प्रकाराचे) विश्वविजेतेपद मिळवले, आणि एअर रायफलीत सुमा शिरूर यांनी २००४ साली ४००पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली. शिरूर यांचे प्रशिक्षण केंद्र पनवेललाच आहे, तेव्हा एखाद्या रविवारी मुलीला आणि विशेषतः तिच्या वडिलांना तेथे घेऊन जावे. ५० मीटरकडे वळण्याचा निर्णय प्रशिक्षकावर सोडावा. स्वतःच्या नावे परवाना मिळण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि तोवर तिला मोठ्या अंतराचा सराव करायचा तर तो रेंजवर, देखरेखीखालीच होईल.

प्रश्न : माझ्याकडे बिनपरवान्याची .१७७ एअर रायफल आहे. तिच्यावर दुर्बीण बसवून गच्चीवरून १०० मीटरचा सराव करावा म्हणतो. दुर्बीण किती शक्तीची घ्यावी?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : दुर्बीण घेऊ नये आणि गच्चीवर जाऊ नये. बिनपरवाना एअर रायफलीची ऊर्जा २० ज्यूलपर्यंतच असते. तिचा हलका छर्रा १०० मीटरपर्यंत जाईल खरा, पण वाऱ्याच्या झुळकीने कोठेही भरकटेल, त्यामुळे सराव होणार नाही. इजा मात्र होईल. डोळ्याला लागला तर डोळा जाईल, आणि कोपरखैरण्यात गच्चीसमोर कोणाची तरी खिडकी असतेच. १० मीटर अंतर, मागे छर्रे अडवणारी पेटी आणि बंद खोली एवढे जमत असेल तर घरी, नाहीतर रेंजवर. आणि १० मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही, छिद्राची साइट लागते.